आधी यादी, मग आराखडा
(तुमसर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)

तुमसर हे नाव धान्याच्या व्यापाऱ्याने उच्चारले की त्याच्या मनात तांदूळ असतो आणि खाणीवरच्या कामगाराने उच्चारले की मँगनीज. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या दोन्ही खाणी याच तालुक्यातल्या. बंगाल-नागपूर रेल्वे देव्हाडीवरून गेली, तेथे तुमसर रोड स्थानक झाले आणि तेथून तिरोडीचा फाटा खाणींच्या दिशेने निघाला. भात, खनिज आणि रूळ या तिहींच्या आधारावर गावाची बाजारपेठ उभी राहिली. विदर्भातल्या अशा जुन्या बाजारपेठांची बांधणी सर्वत्र सारखीच असते. खाली दुकान, मागे गोदाम, वर माडीवर बिऱ्हाड. सागवानी खांब, चुन्याची भिंत, वर कवेलू. मालक एक, पण एका दरवाजातून आत शिरणारी माणसे अनेक. दुकानाचा भाडेकरू वेगळा, माडीवरचा वेगळा, मागच्या खोलीत राहणारा हमाल त्याहून वेगळा, आणि ओसरीवर बसून विड्या वळणाऱ्या बाईचे नाव तर कोणत्याच वहीत नसते.

अशा घरांविषयी एक शब्द आता मोठ्या शहरांतून लहान गावांकडे निघालेला आहे. तो शब्द म्हणजे पुनर्विकास. शब्द गोड आहे. जुने पाडायचे, नवे बांधायचे, राहणाऱ्याला फुकट नवे घर आणि बांधणाऱ्याला नफा. कोणाचेच काही जात नाही असा हा व्यवहार सांगितला जातो. ज्या व्यवहारात कोणाचेच काही जात नाही तो व्यवहार वहीत नीट मांडून पाहावा, हे तुमसरच्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको.

ही मांडणी करायची तर ज्या शहरांत हा प्रयोग पुरता होऊन गेला त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. पहिले शहर अगदी शेजारचे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. पूर्व विदर्भातल्या विणकरांच्या आणि दलितांच्या कित्येक पिढ्या या गिरणीने पोसल्या आणि त्या पिढ्यांनी गिरणी पोसली. १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून सरकारी महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. त्याचे नावही एम्प्रेसच. हा योगायोग नव्हे, ही पद्धतच आहे. जागेचा इतिहास दुकानाच्या पाटीसाठी उपयोगी पडतो. इतिहास घडविणारी माणसे मात्र हिशेबाबाहेर राहतात.

दुसरे शहर मुंबई. गिरणगावाची कथा ऐकून ऐकून गुळगुळीत झाली आहे, असे काहींना वाटेल. पण त्या कथेतला संपाचा भाग सर्वांना ठाऊक असतो आणि जमिनीचा भाग थोड्यांना. तुमसरला उपयोगाचा आहे तो दुसरा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. मागे राहिली सुमारे ६०० एकर जमीन आणि तिच्याभोवतीच्या चाळी. यंत्रे भंगारात गेल्यावर मालकांच्या ध्यानात आले की कापड विणण्यापेक्षा जमीन विकणे अधिक किफायतशीर आहे. त्यांना अडचण होती ती शहराच्या नियमांची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचा आशय ढोबळमानाने असा होता की, गिरणीची जमीन विकासासाठी काढायची असेल तर तिचा सुमारे तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, तिसरा म्हाडाच्या मार्फत सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी. हा नियम क्रांतिकारक नव्हता. मालकाला तिसरा हिस्सा आणि त्यावरची वाढीव किंमत असे भरघोस दान त्यात होतेच. तरीही जमिनीवर शहराचा काही हक्क आहे, ही गोष्ट त्याने कागदावर मान्य केली होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित विचार करण्यासाठी १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगटही नेमला गेला. सगळ्या जमिनींचा एकत्र आराखडा केला तर मैदाने, रस्ते, घरे यांना सलग जागा मिळेल, हे सांगायला खरे तर अभ्यासगटाची गरज नव्हती; पण सांगितले गेले, एवढे खरे.

पुढे २००१ मध्ये त्याच नियमात एक दुरुस्ती झाली. तीन हिस्से करायचे ते संपूर्ण जमिनीचे नव्हेत, ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीचे, असा तिचा परिणाम. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? सगळे आवार शेडांनी, गोदामांनी, चिमणीने व्यापलेले. शेड पाडून मोकळी होणारी जागा वाटणीबाहेर गेली. शहराचा आणि सामान्य घरांचा हिस्सा एका दुरुस्तीने वितळला. या दुरुस्तीविरुद्ध मुंबईतल्या पर्यावरणवादी संघटनेने दाद मागितली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. मधल्या काळात, २००५ मध्ये, महामंडळाच्या पाच गिरण्या सुमारे २,००० कोटी रुपयांना विकल्या गेल्या. खरेदीदारांत कापडाचा धंदा करायला कोणी आलेले नव्हते.

पुढचे चित्र परळ आणि लोअर परळ येथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. कार्यालये आली, मॉल आले, उपाहारगृहे आली. शहर सावरले असे म्हणतात आणि एका अर्थाने ते सावरलेही. रोजगार आले, दिवे लागले. पण कामगारांच्या काळातले अरुंद रस्ते आणि स्थानकांचे जिने तसेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे मेली. पहिल्या घटनेला पाऊस आणि गर्दी ही कारणे दिली गेली, दुसरीला निष्काळजीपणा. ती खोटी नाहीत. पण मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा खरोखर शहराच्या हाती आला असता तर रस्त्यांना आणि स्थानकांच्या वाटांना थोडी रुंदी मिळाली असती, हा मुद्दा त्या चर्चेत फारसा आला नाही.

आणि कामगार? त्यांच्यासाठी घरांची योजना झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर ती पदरात पडली. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत निघाली. अर्ज आले होते जवळपास दीड लाख. त्यानंतर २०१६ मध्ये आणि २०२० मध्ये आणखी काही हजार घरांच्या सोडती झाल्या. घरे हजारांत राहिली, मागणारे लाखांत. उरलेल्यांना मुंबईबाहेर, शेलू-वांगणीच्या बाजूला घरे देण्याची भाषा सुरू झाली आणि २०२५ मध्ये म्हातारे गिरणी कामगार तिच्याविरुद्ध पुन्हा रस्त्यावर उतरले. ज्यांनी परळ वसविले त्यांना परळपासून दोन तासांवर घर द्यायचे, याला पुनर्वसन म्हणायला मन धजत नाही.

पण येथे एका बारीक तपशिलाकडे लक्ष द्यायला हवे, कारण तुमसरच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा तपशील तोच आहे. घरासाठी पात्र कोण? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर ज्याचे नाव होते तो. म्हणजे तीस वर्षांनी मिळणारे घर तीस वर्षांपूर्वीच्या कागदावर अवलंबून राहिले. ज्याने भविष्यनिर्वाह निधीची पावती किंवा विमा योजनेचे कार्ड ट्रंकेत जपून ठेवले, त्याचा अर्ज टिकला. आणि ज्यांचे नाव कधी पटावर येणारच नव्हते त्यांचे काय? गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केले, म्हणून त्या जगाला दिसल्या तरी. गिरणी जितकी यंत्रावर चालत होती तितकीच या बायांच्या चुलीवर. पण घराच्या यादीत ‘गिरणी कामगार’ या व्याख्येत त्या बसत नव्हत्या. यादीत नाही तो माणूस नाही, असा हा न्याय आहे.

गिरण्यांप्रमाणेच चाळींचेही. घरमालकांची बाजू येथे सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता केलेली टीका पोकळ ठरते. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. दरमहा काही रुपयांच्या भाड्यात इमारतीची डागडुजी करा, असे सांगणे म्हणजे थट्टाच होती. हे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे अखेर सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने पागडी घेऊन खोली पुढे दिली, आणि इमारत दोघांच्याही मायेला मुकली. त्यावर तोड म्हणून १९६९ मध्ये मुंबई शहराच्या जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करणारे मंडळ निर्माण करण्याचा कायदा झाला. मंडळाचे काम कधीच पुरे पडले नाही. दुरुस्तीसाठी ‘तात्पुरते’ म्हणून संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांची तेथे दुसरी पिढी वाढली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ जीव गेले. तेव्हा त्या सबंध वस्तीचा पुनर्विकास सुरू होता. जुनी इमारत आहे तशीच राहू द्या, असे म्हणणाऱ्याने ते ३३ जीव विसरू नयेत.

मात्र जुने तेवढेच पडते, हाही गैरसमज आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे मेली. तिला दहा वर्षेही झालेली नव्हती. महाड हे तुमसरसारखेच नगरपरिषदेचे गाव. बांधकामावर देखरेख ठेवणारी यंत्रणा दुबळी असेल तर नवी इमारत जुनीपेक्षा घातक ठरते. जुन्या वाड्याने निदान सत्तर पावसाळे काढून दाखविलेले असतात.

आता या सर्वांचा तुमसरशी संबंध काय? पहिला संबंध नियमांचा. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता सबंध महाराष्ट्रासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारती पाडून बांधल्या तर जादा चटईक्षेत्र, ही मुंबईत मुरलेली कल्पना तिच्यासोबत नगरपरिषदांच्या दारात आली. मुंबईतली साधने मात्र आली नाहीत. उपकर नाही, दुरुस्ती मंडळ नाही, कसले का होईना संक्रमण शिबिर नाही. मालकाने ठरावीक मुदतीत काम हाती घेतले नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला संधी आणि तिलाही जमले नाही तर म्हाडा, अशी पायरी मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी कायद्यात आहे. तुमसरच्या माडीसाठी ती नाही.

दुसरा संबंध पैशाचा, आणि तो अधिक कठोर आहे. पुनर्विकासात भाडेकरूचे फुकट घर आकाशातून पडत नाही. वरचे जादा मजले बाजारभावाने विकून त्याचा खर्च निघतो. लालबागला वरचा मजला कोटींत विकला जातो, म्हणून खालच्या दहा बाय बाराच्या खोलीचे नवे घर परवडते. तुमसरला पाचव्या मजल्यावरचे घर कोण आणि काय भावाने घेणार? येथे खरी किंमत आहे ती रस्त्याला लागून असलेल्या दुकानाच्या गाळ्याची. तेव्हा बांधणाऱ्याचा सगळा हिशेब गाळ्यांवर चालणार. जितके गाळे अधिक तितके बरे. माडीवरचे बिऱ्हाड आणि मागची खोली ही त्याच्या दृष्टीने अडगळ. त्यांना काही रोख रक्कम देऊन, नाही तर धोकादायक इमारतीची नोटीस दाखवून बाहेर काढणे हेच त्याला स्वस्त पडणार. यात कोणी खलपुरुष असण्याची गरज नाही. हिशेबच तसा आहे. गरिबाचे घर हे श्रीमंताला केलेल्या विक्रीचे उपउत्पादन ठरविले, की जेथे विक्री नाही तेथे घरही नाही.

याला दुसरा मार्ग नाही असे नव्हे. मुंबईतच वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ चाळी आहेत. शिवडीच्या चाळी वगळून इतरांचे काम खासगी बिल्डरकडे न देता म्हाडाने स्वतःच्या अंगावर घेतले. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, त्याच जागी. भूमिपूजन २०१७ चे, आणि वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. आठ वर्षे लागली, खर्च भागविण्यासाठी काही मजले विकावे लागणारच आहेत, हे सगळे खरे. तरी सार्वजनिक संस्थेने सार्वजनिक जमिनीवर राहणाऱ्यांना तेथेच घर देता येते, हे दिसले. तुमसरला म्हाडा येणार नाही. पण नगरपरिषद आहे, तिच्या मालकीचे गाळे आणि जागा आहेत. बाजारातल्या एखाद्या पडक्या रांगेसाठी नगरपरिषदेने स्वतः योजना करायची की ती बिल्डरच्या अर्जाची वाट पाहत बसणार, हा प्रश्न पुढच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला विचारता येईल.

तोवर कायद्याने जे दिले आहे ते हातचे घालवू नये. विदर्भातल्या भाडेकरूला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशाचे संरक्षण होते. २००० सालापासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने घेतली. या कायद्यानुसार भाडे दरसाल चार टक्क्यांनी वाढविता येते, म्हणजे मालकावरचा जुना अन्याय काही अंशी दूर झाला आहे. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, आणि ती जबाबदारीही मालकाची. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इमारत पडली वा पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क मरत नाही, असा निर्णय महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ मध्ये दिला. भिंत गेली तरी जमीन राहते आणि भाडेपट्ट्याचा हक्क तिला चिकटून राहतो. ‘नोटीस आली, आता तुमचे काही राहिले नाही’ असे जो सांगतो तो एक तर अज्ञानी आहे किंवा अज्ञानाचा फायदा घेणारा आहे.

पण हक्क जिवंत असला तरी तो कोणाचा आणि किती चौरस फुटांचा, हे घर जमीनदोस्त झाल्यावर सिद्ध कसे करायचे? मुंबई महापालिकेच्या बाबतीत उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, की धोकादायक इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातले क्षेत्र मोजून त्याची नोंद ठेवावी. हीच पद्धत तुमसरच्या नगरपरिषदेने ठराव करून स्वीकारण्यात कोणाचा विरोध असेल? खर्च फार नाही. एक टेप, एक वही, दोन कर्मचारी आणि पंच. नोटीस निघण्याची वाटही पाहू नये. जुन्या बाजारपेठेतल्या प्रत्येक घराची मोजणी आताच करावी: खोली कोणती, क्षेत्र किती, किती वर्षांपासून, भाडे किती, विजेचे देयक कोणाच्या नावावर. नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लिहावे. पोटभाडेकरू, मागच्या खोलीतला हमाल, ओसरीवर विड्या वळणारी, दुकानापुढे पाटी मांडणारी भाजीवाली यांचा वेगळा रकाना असावा. कायद्याने त्यांना आज हक्क दिला नसेल. पण योजना होईल त्या दिवशी त्यांचे अस्तित्व तरी नाकारता येणार नाही. इमारत धोकादायक आहे की नाही हे ठरविणारा अभियंता मालकाच्या खर्चाने आणि मालकाच्या पसंतीचा असेल, तर भाडेकरूंनाही दुसरा अहवाल मागता यावा आणि त्याची फी नगरपरिषदेने द्यावी.

हीच गोष्ट बंद कारखान्यांची. माणेकनगरचा युनिव्हर्सल फेरो कारखाना बंद पडला तेव्हा तेथला हजेरीपट कोणाच्या कपाटात गेला? त्या जमिनीचे पुढेमागे काही होईल तेव्हा पहिला प्रश्न तोच निघेल, जो गिरणगावात निघाला. ज्यांच्याकडे वेतनाच्या चिठ्ठ्या, निधीच्या पावत्या, विमा कार्डे आहेत त्यांनी त्यांच्या नकला काढून एकत्र ठेवाव्यात. जे कंत्राटदाराकडे होते, ज्यांना कधी चिठ्ठीच मिळाली नाही, त्यांनी बरोबर काम केलेल्या दोघांच्या साक्षीने जबाब लिहून घ्यावेत. माणसे हयात आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.

ही यादी तयार झाली की तिच्या तीन प्रती कराव्यात. एक नगरपरिषदेत, एक तहसील कचेरीत. तिसरी मात्र कोणत्याही कचेरीत देऊ नये. ती भाडेकरूंनी आणि कामगारांनी आपल्यातल्याच कोणाच्या तरी घरी ठेवावी.